फोडणीच्या आधी

आमच्या घरात येणारी कुठलीही वनस्पती माझ्यासाठी आलेली नसते. मेथी भाजीसाठी येते, दुर्वा गणपतीसाठी, कडुनिंब पाडव्यासाठी, कोरफड बायकोच्या केसांसाठी आणि गवती चहा आईच्या घशासाठी. सदाफुली कुंडीत आपण होऊन उगवली, तेव्हा ती तरी कोणाच्या नावावर नसेल असं वाटलं होतं. तर आई रोज सकाळी देवासाठी तीच खुडून नेते. मला ही सगळी मंडळी भेटतात ती मधल्या वेळेत. पिशवीतून बाहेर आली आहेत आणि अजून विळीपर्यंत पोचलेली नाहीत, एवढ्या अवधीत त्यांचं जे काही कागदावर उतरेल ते माझं.

मी कापडावर छापायची नक्षी काढतो. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, कुर्त्यांचं कापड. शाईने पानाफुलांची रेखाटनं करायची, त्यातून नक्षी जुळवायची आणि ती छापणाऱ्यांना विकायची, असा हा व्यवसाय आहे आणि तो घरी बसून चालतो. नातेवाइकांना हे वाक्य कधीच नीट पोचत नाही. आत्या अनेक वर्षं मी चादरी विकतो असं समजून होती आणि डबल बेडची एक स्वस्तात मिळेल का, अशी चौकशी करायची. एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "म्हणजे चादरीवरची फुलं कोणीतरी काढतं?" त्यांना ती छापलेली असतात एवढंच ठाऊक होतं. छापलेलीच असतात, पण छापण्याआधी कोणीतरी ती कशाकडे तरी बघून काढलेली असतात, हे ऐकून ते जिलबीचा तुकडा हातात धरून क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आता कॉम्प्युटर करत असेल ना ते सगळं?" कॉम्प्युटर बरंच काही करतो. पण मेथीची जुडी सोडली की आतून कुठली काडी कशी वाकडी निघेल, हे त्याला कोण सांगणार?

या व्यवसायातली खरी अडचण मात्र वेगळी आहे. चित्र काढणारा माणूस बराचसा वेळ नुसता बघत असतो. हात चालतो तो थोडा वेळ. बाकी वेळ पेन हवेत धरून तो भोपळ्याच्या ताणाकडे टक लावून बसतो. आणि घरात नुसता बघत बसलेला माणूस दिसला की त्याला काम सांगण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. "तू बसलाच आहेस तर" या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं मी इतकी ऐकली आहेत, की त्यांवर एक स्वतंत्र नक्षी होईल. बसलाच आहेस तर नारळ खवून दे. बसलाच आहेस तर बेल वाजली की दार उघड. बसलाच आहेस तर कुकरच्या शिट्ट्या मोज. शिट्ट्या मोजता मोजता पानाच्या शिरा मोजणं अशक्य आहे, हे मी अनुभवाने सांगतो. दोन्हींपैकी एक आकडा चुकतोच आणि जेवणाच्या दृष्टीने तो शिट्ट्यांचा चुकणं परवडत नाही.

मॉडेल म्हणून भाज्यांचे स्वभावही निरनिराळे असतात. कोथिंबीर पाहता पाहता मान टाकते. तिची झालरदार पानं काढायची तर सगळं सोडून आधी तिच्याकडे बसावं लागतं. मेथी भांड्यात पाणी घालून उभी ठेवली तर काही काळ तग धरते. कढीपत्ता सर्वांत समजूतदार. त्याची डहाळी दुपारपर्यंत आपला आकार सोडत नाही, पानं मधल्या काडीच्या दोन्ही अंगांना शिस्तीत, टोकाला एक. दुर्दैवाने फोडणीत पहिला नंबर त्याचाच. फुलांची तर आणखी गंमत. पारिजातक पहाटे सडा घालतो आणि ऊन चढेपर्यंत पाकळ्या मलूल होऊन जातात. नेमकी ती वेळ आमच्याकडे पाणी भरण्याची, डब्याची आणि एका हरवलेल्या मोज्याची असते. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते, तेव्हा मुलगी शाळेतून येते आणि तिच्या बोलण्याला तोंड फुटलेलं असतं. निसर्गाने फुलण्याच्या वेळा आणि आमच्या घराने गडबडीच्या वेळा एकमेकांना विचारून ठरवल्या असाव्यात.

म्हणून मी थेट शाईने काढतो. आधी पेन्सिलीने हलकं काढून घ्यावं आणि मग त्यावरून शाई फिरवावी, हा शहाण्यांचा मार्ग. पण त्यात एकच गोष्ट दोनदा बघावी लागते आणि दुसऱ्यांदा बघायला जावं तर मेथी कढईत असते. शाईची रेघ खोडता येत नाही, त्यामुळे ती ओढण्याआधी नजर आपोआप शहाणी होते. माझ्या सर्वांत बारीक पेनावर ००५ असा आकडा आहे. त्याची रेघ ०.२० मिलिमीटर जाडीची येते. तिळाच्या फुलावरची लव काढायला ते लागतं. त्याचं टोक दाबून लिहिलं की आत जातं आणि परत बाहेर येत नाही. चौथीतली मुलं दाबून लिहितात.

आईला चित्रकलेतलं काही कळत नाही. असं ती स्वतःच म्हणते आणि मग बोलायला सुरुवात करते. अळूच्या पानांची एक नक्षी चालू होती. पानं मोठी, शिरा ठसठशीत, काळ्या-पांढऱ्यात उठून दिसणारी. आई चष्मा लावून बराच वेळ बघत उभी राहिली.

"हे वडीचं आहे का भाजीचं?"

"नक्षीचं आहे."

"असं नसतं रे. वडीच्या अळूचा देठ काळपट असतो, भाजीच्याचा हिरवा. हा कुठला?"

माझ्याकडे एकच रंग, काळा. त्यात जांभळा देठ आणि हिरवा देठ वेगळे कसे दाखवायचे? शेवटी देठावर बारीक टिंबांची दाटी केली, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला विरळ. आईने पुन्हा पाहिलं आणि "आता झालं वडीचं," असा निकाल दिला. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतली शाईची चित्रं अशीच टिंबांनी छाया भरतात, हे मला ठाऊक होतं. पण एक टिंब कमी पडलं तर घसा खाजेल, या धाकाने ती टिंबं देणारा माणूस विरळा.

पुढे त्याच नक्षीवर गिऱ्हाइकाची सूचना आली. अळूचा देठ पानाच्या कडेला जोडलेला नसतो. पानाला वरून जी खाच असते तिच्यापासून थोडा आत, पाठीमागच्या अंगाने तो लागतो आणि पुढून बघितलं तर तिथे फक्त एक फिकट ठिपका दिसतो, ज्यातून सगळ्या शिरा फुटलेल्या असतात. मला तो ठिपका फार आवडतो; सगळं पान त्याच्याभोवती तोललेलं असतं. गिऱ्हाइकाला मात्र देठ थेट खाचेतून निघालेला हवा होता, म्हणजे पान बदामाच्या आकाराचं दिसतं आणि बदाम खपतो. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग ते अळू नव्हेच. म्हणावं, आधी वडी करून खा आणि मग सांग." ती अगदी बरोबर बोलत होती. खाचेतून देठ निघणारी अळूसारखी दिसणारी शोभेची झाडं कुंड्यांत भरपूर असतात आणि ती कोणी शिजवत नाही.

अशा वेळी माझी पंचाईत होते ती या दोन दरबारांमुळे. वनस्पतीचं शास्त्रीय चित्र काढणाऱ्याला खरं सांगावं लागतं. नक्षीवाल्याला गोड दिसावं लागतं. सदाफुलीचंच घ्या. तिच्या पाच पाकळ्या किंचित तिरप्या असतात आणि सगळं फूल एका दिशेने फिरकी घेतल्यासारखं दिसतं. ही फिरकी प्रत्येक सदाफुलीत एकाच बाजूची असते. आता नक्षी जुळवताना आपण काय करतो? एक फूल काढतो आणि कॉम्प्युटरवर त्याचं उलटं प्रतिबिंब करून दुसरं तयार करतो. मेहनत निम्मी. पण मग चादरीवरची निम्मी सदाफुली अशा दिशेने फिरते, जी कुठल्याही कुंडीत सापडणार नाही. जास्वंदीचं तसं नाही. तिच्या एकाच झाडावर दोन्ही बाजूंनी वळलेली फुलं सापडतात, म्हणजे तिथे ही लबाडी खपून जाते. तेव्हापासून मी जास्वंद उलटी करतो आणि सदाफुली दोनदा काढतो. हे कोणाच्याही लक्षात येणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. चादर विकत घेणारा माणूस फुलाची फिरकी बघत नाही, धुतल्यावर रंग जाईल का ते बघतो.

या दोन दरबारांत एकाच वेळी मानाने वावरलेली एक बाई होऊन गेली, आणि तिची आठवण काढल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. मारिया सिबिला मेरियान. जन्म १६४७, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा. सुरीनामच्या जंगलात जाऊन फुलपाखरांची आणि सुरवंटांची अप्रतिम चित्रं काढणारी बाई म्हणून जग तिला ओळखतं. पण त्याच्या कितीतरी आधी, न्यूरेंबर्गमध्ये नवरा-मुलीचा संसार करताना, तिने १६७५ ते १६८० या काळात तीन भागांत फुलांची चित्रं छापली, ती कशासाठी? भरतकामासाठी. श्रीमंत घरच्या मुलींना ती चित्रकला आणि भरतकाम शिकवायची आणि त्या मुलींनी कापडावर उतरवून घ्यायला हे नमुने. म्हणजे एवढ्या थोर बाईची सुरुवात माझ्याच गल्लीतली. त्या पुस्तकाच्या आज फारच थोड्या प्रती शिल्लक आहेत. मला त्याचं नवल वाटत नाही. आमच्या आईने लहानपणी ज्या पुस्तकावरून कार्बन पेपर लावून टेबलक्लॉथवर फुलं उतरवली, त्याचंही आता मुखपृष्ठसुद्धा उरलेलं नाही. उपयोगी पडलेली पुस्तकं टिकत नाहीत.

हे नमुने निघत असतानाच मेरियान घरात सुरवंट पाळत होती. १६७९ मध्ये तिचं सुरवंटांवरचं पुस्तक आलं. त्या वेळी थोरली मुलगी अकरा-बारा वर्षांची आणि धाकटी तान्ही. तुतीच्या पानांवरचे किडे, पाळण्यातलं मूल, शिकायला येणाऱ्या मुली आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं काम, हे सगळं एकाच छपराखाली. तिला कोणी "बसलीच आहेस तर" म्हणालं असेल का, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. पुढे १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन समुद्रापार सुरीनामला गेली. त्या प्रवासातून झालेलं पुस्तक १७०५ मध्ये निघालं. तिच्या पानांना भोकं आहेत. अळीने जिथे कुरतडलं तिथे कुरतडलेलं, कडा तपकिरी पडलेल्या. झाड आणि त्याला खाणारा, दोघेही एकाच चित्रात.

मी तिच्याकडून उचललं ते हेच आणि त्याला कारण तत्त्वनिष्ठा नसून घरातली वाटणी आहे. भाजी निवडताना आई किडकं पान बाजूला टाकते. चांगलं पान मागितलं की तिचा हात आखडतो, कारण त्यात माणशी एक घास असतो. पण भोक पडलेलं, पिवळटलेलं, नागअळीने वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा मारलेलं पान ती आनंदाने माझ्याकडे सरकवते. "हे घे तुझं." असा आमचा अलिखित करार झाला आहे: धड ते कढईचं, किडकं ते माझं. आणि खरं सांगतो, धड पान काढणं कंटाळवाणं असतं. एक धड पान दुसऱ्या धड पानासारखं असतं. किडकं पान मात्र प्रत्येक वेगळं. नागअळीची रेघ तर मी सरळ तशीच उचलून एका पडद्याच्या नक्षीत वेल म्हणून घातली आहे. पडदा घेणाऱ्यांना ती नाजूक वाटते.

आता रिपीटबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर आमच्या धंद्यातला अर्धा जीव सांगायचा राहील. कापड छापायचं रोटरी यंत्र असतं, त्यात निकेलच्या जाळीचा नळा फिरतो. त्या नळ्याचा घेर साधारणपणे चौसष्ट सेंटिमीटर. म्हणजे दर चौसष्ट सेंटिमीटरला नक्षी स्वतःशीच परत येऊन भिडते. म्हणून आमच्या नक्ष्या चौसष्टच्या, किंवा बत्तिसाच्या, किंवा सोळाच्या. निसर्गात बागडून आलेल्या मेथीला शेवटी बत्तीस सेंटिमीटरमध्ये बसावं लागतं. आणि बसवायची अशी, की उजवीकडची कड डावीकडच्या कडेला आणि वरची खालच्या कडेला बिनबोभाट जुळावी.

त्याची जुनी युक्ती हाताने करायची आहे आणि मी अजून तीच करतो. कागदाच्या मधोमध चित्र काढायचं, कडांना हात लावायचा नाही. मग कागद उभा कापायचा, दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करायची आणि मागून चिकटवायचे. पुन्हा आडवा कापायचा, पुन्हा अदलाबदल. आता ज्या कागदाच्या बाहेरच्या कडा होत्या त्या मध्यभागी आलेल्या असतात आणि तिथे भली मोठी रिकामी जागा पडलेली असते. ती भरायची. झालं, तुमची नक्षी चारही बाजूंनी न संपणारी झाली. जेवणाच्या टेबलावर कात्री आणि चिकटपट्टी घेऊन आपलं धड चित्र कापणारा बाप बघून मुलीला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. आता तीच विचारते, "बाबा, आज कापायचंय का?" आणि कात्री लपवते.

कडा जुळल्या म्हणजे काम झालं असं नाही. डोळ्याला पुनरावृत्ती कळता कामा नये. एखादं फूल बाकीच्यांपेक्षा जास्त ठळक असेल तर ते दर बत्तीस सेंटिमीटरला हात वर करून "मी इथे" म्हणतं. दोन डहाळ्यांच्या मध्ये थोडी जागा जास्त सुटली तर पूर्ण चादरभर पांढरी पट्टी धावते, जी कागदावर मुळीच दिसलेली नसते. म्हणून नक्षी बाजूच्या रांगेत निम्मी खाली सरकवायची, हाफ ड्रॉप करायची; मग डोळा तिरपा भटकतो आणि लवकर घरी परतत नाही. सरळ खाली-वर रिपीट करणारी नक्षी मला आळशीपणाची वाटते, मग ती कितीही मोठ्या नावाच्या दुकानात टांगलेली असो. हे माझं मत पक्कं आहे.

पण या सगळ्या कारागिरीचा खरा परीक्षक कोण? दुकानदार नाही, गिऱ्हाईक नाही. तापात पडलेलं मूल. गोवर-कांजिण्यांत चार-सहा दिवस अंथरुणाला खिळलेल्या मुलाला करायला काहीच नसतं. वाचू देत नाहीत, टीव्ही बंद, खिडकीतून दिसतो तो समोरच्या इमारतीचा जिना. उरते ती चादर. डोळ्यांपासून चार बोटांवर. अशा वेळी मूल त्या चादरीवरून बोट फिरवत हिंडतं आणि जगातला कुठलाही डिझायनर ज्या निष्ठुरपणे बघणार नाही त्या निष्ठुरपणे बघतं. मी स्वतः लहानपणी असाच एका निळ्या चादरीवर अनेक दिवस राहिलेलो आहे. तिच्यावर जे फूल होतं ते गुलाब होतं का जरबेरा हे मला आजही सांगता येणार नाही, पण उशीच्या खाली डाव्या कोपऱ्यात त्याची एक पाकळी तुटकी होती आणि तीच तुटकी पाकळी पायाशीही होती, हे मला पक्कं आठवतं. त्या दुसऱ्या पाकळीचा शोध लागल्यावर झालेला आनंद वर्गात पहिला येण्याच्या आनंदापेक्षा मोठा होता.

मागच्या पावसाळ्यात मुलीला ताप आला आणि तिच्या अंगाखाली माझी नक्षी होती. तिसऱ्या प्रहरी ताप उतरला तसा तिने बोट ठेवलं. "बाबा, ही भोकवाली मेथी इथे आहे. आणि इथे. आणि तिकडे पण, पण तिकडे जरा खाली आहे." हाफ ड्रॉप म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी विचारलं, शोधायला किती वेळ लागला? ती म्हणाली, "खूप. पेज प्यायच्या आधीपासून." मला ती पावती पुरेशी होती.

बायको बँकेत आहे. तिचा या व्यवसायाशी संबंध दोन ठिकाणी येतो: हिशेब आणि फ्रीज. हिशेबाबद्दल ती काही बोलत नाही, हा तिचा मोठेपणा. फ्रीजबद्दल मात्र बोलते. अर्धवट काढलेलं फूल, शेंग, मोहोर मी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो. तिथे आधीच आईचा गजरा, देवाच्या दुर्वा, निवडलेली भाजी आणि कणकेचा गोळा असतो. सगळे डबे एकाच संचातले. मी माझ्या डब्यावर "चित्राचं आहे, खाऊ नये" अशी चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी बायकोने तिच्या डब्यावर लावली, "खाण्याचं आहे, चित्र काढू नये." तरीही एकदा माझ्या शेवग्याच्या फुलांची भजी झाली. सर्वांनी खाल्ली, मीही खाल्ली, छान झाली होती.

सगळ्यात मोठा तंटा झाला तो हिरड्यावरून. विकतच्या शाईचा मला मधूनमधून कंटाळा येतो आणि जुन्या पद्धतीने शाई करावीशी वाटते. आंध्रातले कलमकारी करणारे लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून काळा रंग करतात. हिरड्यात भिजवलेल्या कापडावर ते पाणी लागलं की हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड यांचं लग्न लागतं आणि कापड काळं होतं. कागदासाठी शाई करायची तर हिरडा उकळून त्यातच लोह मिसळायचं. गंमत म्हणजे ही शाई लिहिताना फिकट असते. हवा लागली की डोळ्यांदेखत गडद होत जाते. शेपूची पानं काढताना असं वाटतं की आपण पुढे गेलो तरी चित्र मागे आपलं काम करतंच आहे. तिच्यात एक दोषही आहे: पुष्कळ वर्षांनी ती कागद खाते. पण माझी रेखाटनं तोवर कोण ठेवणार आहे?

हिरडा बाहेरून आणायची गरज नव्हती. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून गोळा होणारा हिरडा पुण्यात मिळतो आणि आमच्या घरात तर आईच्या बरणीत तो कायमचाच असतो. आईच्या मते हिरडा पोटासाठी असतो. ती म्हणाली, "पोटाचं औषध तू शाईत घालणार?" मी म्हटलं, अगदी थोडा. बाल्कनीत लोखंडी खिळे आणि गूळ घातलेलं मडकं आठवडाभर गप्प होतं. मग ते बोलायला लागलं. वास खालच्या मजल्यावर पोचला. खालच्या काकू वर आल्या आणि आईला बाजूला घेऊन, "तुमच्याकडे काही घालायला ठेवलंय का?" असं हळूच विचारून गेल्या. त्यांना दारूचा संशय आला होता. आईने त्यांना खरं सांगितलं असतं तरी ते त्यांना पटलं नसतं, म्हणून तिने "त्याचं आयुर्वेदिक चाललंय" असं सांगून विषय मिटवला. तेव्हापासून काकू माझ्या पोटाची चौकशी करतात.

पुण्यात ही वनस्पतींची चित्रं काढायची हौस नवी नाही. इथल्या दापोडीला, त्या काळच्या कागदपत्रांत दापुरीला, सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर त्याचे प्रमुख. १८४७ ते १८५० च्या सुमारास त्यांनी एका चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची दीडशेहून जास्त रंगीत चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढं सांगतात. नाव उरलेलं नाही. गिब्सनचं उरलं. त्या चित्रांच्या छापील प्रती बघताना मला नेहमी वाटतं, त्या गृहस्थाचं कसं असेल? सरकारी बागेतलं झाड सरकारी चित्रासाठीच राखलेलं. कोणी येऊन ते फोडणीत घालणार नाही. हेवा वाटावा अशीच नोकरी. पण त्या चित्रांतली फुलं फार धड आहेत.

आमच्याकडे मागच्या शनिवारी केळफूल आलं. मंडईतून, आईच्या शब्दांत "बघितल्यावर राहवलं नाही" म्हणून. भाजी रविवारी दुपारी व्हायची होती, म्हणजे शनिवारी निवडून रात्रभर ताकात भिजत घालायला हवी. मी आतलं काही तरी मिळावं म्हणून वही घेऊन जवळ बसलो. केळफूल निवडणं म्हणजे एकेक तांबूस पान उलगडायचं, त्याखालच्या फुलांच्या दोन ओळी सोडवायच्या आणि प्रत्येक फुलातला मधला कडक दांडा आणि एक पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा, कारण ते शिजत नाहीत. आणि मला नेमकं तेच हवं होतं: दांडा, त्याचं टोकाचं बोंड, पापुद्रा. सगळं टाकाऊ. म्हणजे आमच्या करारात बसणारं.

आईने हाताला तेल लावलं, मी शाईची बाटली उघडली. तिने पहिलं पान उलगडलं आणि थांबली. "काढलंस का? पुढचं उलगडू?" मी म्हटलं, थोडं थांब. ती थांबली. मग दुसरं पान. आत गेलं की फुलं लहान होत जातात, पान फिकं होत जातं. ती प्रत्येक थर मला दाखवून मगच हात लावू लागली. मध्येच स्वतःहून एक फूल उभं चिरून समोर धरलं, "हे आतून असं असतं, हे पण घे." दांडे तिने एका वाटीत माझ्यासाठी वेगळे ठेवले, लांबीप्रमाणे लावून. मुलगी मध्ये येऊन बसली आणि तिनेही निवडायला घेतलं. तिला दांडे मोजायचे होते. चीक लागून दोघींची बोटं काळी झाली, शाई लागून माझी. बायको बँकेतून उशिरा आली तेव्हा केळफूल अर्धंच सोललेलं होतं, वहीची पानं खुर्च्यांवर, जमिनीवर, फ्रीजवर वाळत पडली होती आणि ओट्यावर कुकर रिकामा होता.

"जेवायला काय आहे?" तिने विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पिठलं टाकते. तू बसलीच आहेस तर लसूण सोल."